सावकाशची वाटणी

भात पिवळं पडायला लागलं की माझ्या कानात एक गाणं निम्म्या वेगानं वाजायला लागतं. गाणं तसं उडतं आहे, वरातीत नाचायचं. कुठल्याशा हिंदी सिनेमातलं, आणि तो सिनेमा मी आजवर पाहिलेला नाही. मला ते माहीत आहे ते फक्त सावकाश चालणारं, ओल्या बांधावरून जपून पाय टाकणाऱ्या माणसासारखं. आज सकाळी कामावर निघालो तर धरणाच्या अंगाच्या खाचरांवर दहिवर पडलं होतं, लोंब्या वाकल्या होत्या आणि शेजारच्या तुकड्यात कापणी सुरू झाल्यामुळे पेंढ्याचा गोडसर वास रस्त्यापर्यंत आला होता. गाडी बाजूला घेतली आणि गाणं संपेपर्यंत थांबलो, म्हणजे डोक्यातलं. निम्म्या वेगाचं असल्यामुळे ते संपायला वेळ लागतो आणि मला कामावर उशीर होतो. दर सुगीत होतो.

त्या वर्षीच्या सुगीत माझं नक्की काय झालं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. काहीतरी माझं होतं, ते गेलं. कुणी नेलं म्हणावं तर कुणी नेलं नाही, मीच उचलून दिलं. द्यायचं मनात होतं का, तर तसंही नाही. लग्नानंतर बायकोला हे सगळं एकदा सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की यात भांडण कुठं आहे? तेच तर मला कळत नाही.

मोबाईल तेव्हा फक्त बोलायचे होते. मी डिप्लोमा करून वरवे गावाच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला लागलो होतो. घरी सुटे भाग जमवून जोडलेला एक कॉम्प्युटर होता. तो भाताच्या कणगीला चिकटून ठेवलेला, आणि उंदरांच्या धास्तीनं आई त्याच्यावर जुनं लुगडं टाकून ठेवायची. एका मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती, तीतून मी प्रोग्रॅम लिहायचं खूळ डोक्यात घेतलं. पहाटे ड्युटीला जायच्या आधी, लाईट असली तर, मी लुगडं बाजूला करून बसायचो. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाटायचं की हे कंपनीचं काम आहे. आईला वाटायचं की मी कुठल्या तरी परीक्षेला बसतोय. मला काय वाटायचं ते मलाच ठाऊक नव्हतं, पण बरं वाटायचं.

भोरला यासीनभाई म्हणून शिंपी होते. माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या. लग्नसराई आली की ते शिलाई मशीन झाकून ठेवायचे आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नवं गाणं ते कॅसेटवरून उचलायचे. थोडं ऐकायचं, थांबवायचं, मागं घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. पण गाणी सीडीवर आली आणि एकदम पळायलाच लागली. बँडच्या मालकानं त्यांना सांगून ठेवलं होतं, की तुळशीच्या लग्नाच्या आत हे नवं गाणं बसलं नाही तर यंदा क्लॅरिनेटच्या जागी कीबोर्डवाला उभा करणार. हे यासीनभाईंनी मला माझ्या पँटचं माप घेताघेता सांगितलं, टेप दातात धरून. तक्रारीचा सूर नव्हता. उलट गाण्याचीच बाजू घेतल्यासारखे म्हणाले, "गाणं वाईट न्हाई, विजू. फकस्त माझ्यासाठी थांबत न्हाई."

मग ते त्यांच्यासाठी थांबवायचं काम मी अंगावर घेतलं. गाणं हळू करणं सोपं आहे, पण हळू केलं की आवाज जाड होतो, सेल उतरलेल्या टेपसारखा रेकतो. आवाज तसाच राहून चाल तेवढी मंद व्हायला हवी होती. त्यासाठीचं अवघड गणित जगात कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेलं होतं, आणि ते इंटरनेटवर उघडं ठेवलेलं होतं. ते मी घेतलं, त्याला खिडकी बसवली, बटणं लावली, वेग कमीजास्त करायला एक सरकपट्टी दिली. नाव ठेवलं ‘सावकाश’. दुसऱ्याचं फुकट घेतलेलं आपणही फुकटच ठेवावं, अशी त्या जगाची रीत होती. म्हणून पेन ड्राइव्ह खिशात घालून भोरच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो आणि सावकाशचा सगळा कोड एका साइटवर उघडा करून आलो. याला ओपन सोर्स म्हणतात. कुणीही यावं, बघावं, न्यावं, बदलावं. येताना एसटीत मला उगाचच घर उघडं टाकून आल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी मला सुट्टी असायची. यासीनभाई गुरुवारच्या एसटीनं आमच्या फाट्यावर उतरायचे आणि क्लॅरिनेटची पेटी काखेत धरून बांधाबांधानं घरी यायचे. आई चहा टाकायची. ते क्लॅरिनेटची वेताची पत्ती जिभेवर भिजवून तोंडाशी बसवायचे, मी सरकपट्टी मागं ओढायचो आणि गाणं ओळ ओळ सुटायला लागायचं. ओटीवरून हे सूर थेट खाचरात जायचे. कापणीला वाकलेल्या बाया मध्येच ताठ व्हायच्या, घराकडं बघायच्या, हसायच्या. आबा म्हणायचे, की या गाण्यावर विळा बरा चालतो. मला त्या गुरुवारांत इतकं सुख वाटायचं की ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच कीबोर्ड पुसत बसायचो.

आता यात एरिक कुठून आला, तर तोही असाच बांधाबांधानं आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला होता. वय काय, धंदा काय, मला काही माहीत नाही, कारण त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एक दिवस कॅफेत मेल उघडला तर त्याचं पत्र. लिहिलं होतं, की तुझा प्रोग्रॅम आवडला, त्यात दोन ठिकाणी चुका होत्या त्या मी दुरुस्त केल्या आहेत, पटलं तर घे. खाली दुरुस्ती जोडलेली. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. न बोलावता, ओळख ना पाळख, एक माणूस माझ्या खाचरात उतरला होता आणि त्यानं माझं गवत काढलं होतं.

आमच्याकडं सुगीला सावड असते. आज तुमी आमच्या भाताला या, उद्या आमी तुमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, जेवण मात्र ज्याचं शेत त्याचं. सावडीला आलेल्या माणसाला परत लावून द्यायचं नसतं. त्याचा विळा बोथट असो, तो धसकटं वितभर उंच सोडत असो, त्याच्या समोर त्याची ओळ पुन्हा कापायची नसते. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, अंगातच होतं. म्हणून एरिकनं जे पाठवलं ते मी सावकाशमध्ये घेतलं. एरिकच्या मागोमाग आणखी काही जण आले. कुणी रंग बदलला, कुणी चार बटणं वाढवली, कुणी कशाचं काय केलं देव जाणे. सगळं घेतलं. आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? एकच गोष्ट मला टोचायची, ती म्हणजे यातल्या कुणालाही मला जेवायला वाढता येत नव्हतं. एरिकला मी एकदा लिहिलंसुद्धा, की तुझं काही काम अडलं असेल तर सांग, मी करतो. त्याचं उत्तर आलं, की काही अडलेलं नाही, धन्यवाद. ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो.

मग एका गुरुवारी यासीनभाईंनी दोन ओळी वाजवल्या आणि क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. गाणं थरथरतंय म्हणाले, थंडी वाजून आल्यासारखं. मी ऐकलं. खरंच सूर हलत होता. लांब धरलेला स्वर मध्ये मध्ये तुटत होता, जोडत होता. मी सरकपट्टी पुढं केली, मागं केली. त्या दिवशी काही वाजलं नाही. ते चहा पिऊन पुढच्या एसटीनं गेले, आणि जाताना मलाच धीर देऊन गेले.

शोधता शोधता सापडलं ते असं. एरिकची शेवटची मोठी दुरुस्ती चुकीची नव्हतीच. त्याला गाणी नकोच होती. त्याला माणसांचं बोलणं हळू करून ऐकायचं होतं, आणि बोलण्यासाठी त्यानं गणिताचा गाभाच बदलला होता. तुटक शब्द त्यामुळे लख्ख ऐकू यायचे, लांब सूर मात्र हलायचे. दोन्हींची सोय एकाच प्रोग्रॅममध्ये करता येईल हे मला समजत होतं. पण तोपर्यंत इतक्या जणांचे हात लागले होते की माझा प्रोग्रॅम मलाच वाचता येईना. आपल्याच घरात लाईटचं बटण सापडू नये तसं झालं. उपाय एकच दिसत होता. एरिकचं आणि त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांचं काम काढून टाकायचं आणि जुन्या सावकाशवर परत यायचं. इकडं तुळशीचं लग्न जवळ येत चाललं होतं.

आबा पेंढ्या बांधत होते तेव्हा त्यांना विचारलं, की सावडीला आलेल्याला कधी परत पाठवलंय का. त्यांना वाटलं मी कुणा शेजाऱ्याबद्दल बोलतोय. ते सावध झाले. असं कुठं असतं का म्हणाले, आणि नाव विचारत राहिले. मी नाव सांगू शकलो नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता.

शेवटी लिहिलं. पत्र लिहायला मला प्रोग्रॅम लिहिण्याहून जास्त कष्ट पडले. इंग्रजी माझं कामापुरतं, आणि लाजेला त्यात शब्द सापडेनात. यासीनभाईंचं मी त्यात काही लिहिलं नाही. का, कोण जाणे. एवढंच लिहिलं, की मला गाण्यासाठी हवं आहे, तुझा बदल काढावा लागतोय, राग धरू नकोस. एरिकचं उत्तर लगेच आलं आणि ते अतिशय गोड होतं. काहीच हरकत नाही, मी माझी एक प्रत घेतो आणि वेगळी चालवतो, असं आमच्यात नेहमीच होतं, तुला शुभेच्छा.

वेगळी चालवतो. या दोन शब्दांनी माझी भूकच मेली. आमच्याकडं कुणी वेगळं निघतं म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. चूल वेगळी होते, दावणीची गुरं वाटली जातात, मोजणीवाला येतो, आणि बायका एकमेकींकडं न बघता पाणी भरतात. एरिकच्या जगात मात्र हे मैत्रीत होत होतं, हसतमुखानं. त्याचा राग आहे की नाही हेच मला कळेना. राग असता तर मला जास्त बरं वाटलं असतं, राग कसा काढायचा ते मला येतं. जेवताना आबांना जमेल तसं सांगितलं, की माझ्या कामातला एक जोडीदार वेगळा निघतोय. त्यांनी विचारलं, "भांडान झालं का?" मी म्हणालो, नाही. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"मग वाटणी कशापायी?"

वाटणीच करायची तर ती रीतीनं करावी, एवढं मला समजत होतं. आमच्या रीतीत एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. वाटे पाडणारा मग चोख पाडतो. मी वाटे पाडले. एका वाट्यात सावकाश हे नाव, साइटवरचं पान आणि तिथं येणारीजाणारी सगळी माणसं. दुसऱ्या वाट्यात जुना कोड, बिननावाचा. आणि एरिकला लिहिलं, की तू आधी उचल.

खरी मेख इथं आहे. आधी उचल म्हटल्यावर समोरच्यानं काय करायचं, हेही आमच्याकडं ठरलेलं असतं. त्यानं म्हणायचं, छे छे, नाव तुझं, ते तुझ्याकडंच राहू दे. मग आपण म्हणायचं, तसं कसं, तू घे. मग त्यानं पुन्हा नको म्हणायचं. मग कुणीतरी वडीलधारा मध्ये पडतो, चहा होतो, आणि नाव आपल्याकडं राहतं. अर्ध्या वेळी तर वाटणीच टळते. मी असं धरून चाललो होतो, की थंड देशातसुद्धा माणूस निदान एकदा तरी नको म्हणत असेल.

एरिक नको म्हणाला नाही. त्याला वाटलं, मी या कामाला कंटाळलो आहे आणि सगळं त्याच्या हवाली करतो आहे. त्यानं फार मनापासून आभार मानले. हा आपला मान समजतो म्हणाला, नाव आणि पान घेतो, नीट सांभाळीन म्हणाला. सावकाशचा उच्चार कसा करायचा, तेही विचारलं. मी कॅफेतल्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून त्याला उच्चार लिहून पाठवला. पासवर्ड पाठवला. पानावरून माझं नाव निघालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि बाहेर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. समोर यासीनभाईंचं दुकान होतं. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

पुढचं सांगून टाकतो. एरिकचं सावकाश खूप मोठं झालं. कुठं कुठं गेलं, कुठल्या कुठल्या भाषांत गेलं. मध्यंतरी कंपनीत एक नवीन मुलगी आली होती, तिच्या लॅपटॉपवर मी ते पाहिलं. इंग्रजी शिकताना कानाला सराव व्हावा म्हणून ती वापरत होती. नाव कसलं आहे हे तिला माहीत नव्हतं. जपानी असावं म्हणाली. अभिमान वाटला की पोटात दुखलं, ते मला त्या क्षणीही नीट कळलं नाही आणि आत्ताही कळत नाही. यासीनभाईंनी त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वरातीत ते गाणं वाजवलं, पूर्ण वेगात, एकदाही न अडखळता, आणि मालकानं त्यांना ठेवलं. तो बँड पुढं दोन-तीन लग्नसराया टिकला. मग बँजो आले, मग डीजे आले, कीबोर्डवालाही घरी बसला. यासीनभाई तरीही सुगीत एखाद्या गुरुवारी येत राहिले, कुठलं तरी गाणं घेऊन. ते कुठंही वाजवायचं नसायचं. माझे कॉम्प्युटर बदलले, तसा दर वेळी मी तो बिननावाचा जुना कोड नव्यावर चालता करून घेतला. जगात तो वापरणारा माणूस एकच होता. आता तोही नाही. तरी गेल्या महिन्यात मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा तोच चालतोय का ते पाहिलं. कशासाठी, ते विचारू नका.

पण भात पिवळं पडलं की मला यातलं काही आठवत नाही. आठवतो तो पान हातातून गेल्यानंतरचा गुरुवार. तुळशीच्या लग्नाच्या आधीचा शेवटचा.

त्या दिवशी मी कॉम्प्युटरवरचं लुगडं काढलंच नाही. सकाळपासून खळ्यावर होतो. आबा पेंढी उचलून फळीवर झोडत होते, मी झोडलेला पेंढा बाजूला रचत होतो. दाणे उडून पायांवर येत होते, कुसळं मानेत शिरत होती, आणि मला ते टोचणं बरं वाटत होतं, कारण ते कुठं टोचतंय हे तरी नक्की समजत होतं. मनाशी ठरवून टाकलं होतं, की हे खूळ संपलं. ज्याला आपलं म्हणता येत नाही ते करायचं कशाला? यासीनभाईंना सांगायचं, की प्रोग्रॅम गेला, आता सीडीवरच कसं जमतं ते बघा. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

आबांनी विचारलं, वाटणीचं काय झालं? सांगितलं. नाव त्याच्याकडं गेलं, माणसं त्याच्याकडं गेली, माझ्याकडं जुनं तेवढं उरलं. ते झोडता झोडता ऐकत होते. कुणाच्याही वाटणीची बातमी कळली की जे विचारतात, तेच त्यांनी सरळ विचारलं.

"आन् म्हातारं कुणाकडं आलं?"

मला आधी कळलंच नाही. कसलं म्हातारं? वाटणीत शेत वाटतात, भांडी वाटतात, आणि शेवटी कुणीतरी हळूच विचारतं, की म्हातारी माणसं कुणाकडं राहायची. ते विचारल्याशिवाय वाटणी पुरी होत नाही. मी आबांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. फाट्यावर एसटी येऊन गेली होती. यासीनभाई चपला हातात घेऊन, पेटी छातीशी धरून ओल्या बांधावरून येत होते. मध्येच थांबले, पेटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि पुन्हा चालायला लागले. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं.

"माझ्याकडं," मी म्हणालो.

आबांनी पुढची पेंढी उचलली. "मग ऊठ की. त्येन्ला चा टाकाय सांग, आन् तुझं ते मशीन चालू कर. लाईट हाय तवर."